शून्य तासाचा नमुना

कॅन्सरवरचं प्लॅटिनमचं औषध पेशीत शिरलं की डीएनएला दोन ठिकाणी धरतं आणि तिथे त्याला बाक आणतं. वाकलेल्या जागी डीएनएची नक्कल अडते, आणि फार अडलं की पेशी मरते. काही पेशी मात्र सहजासहजी मरत नाहीत. त्यांची गस्तीवरची प्रथिनं बाक ओळखतात, दुसरी प्रथिनं त्याच्या दोन्ही बाजूंना काप देऊन तेवढा तुकडा काढून टाकतात, आणि समोरचा शाबूत धागा पाहून जागा नव्याने भरली जाते. एरवी ही व्यवस्था आपल्याला वाचवते. गाठीतल्या पेशीनेच ती वापरली तर पंचाईत होते.

ही दुरुस्ती मोजणं हे ब्रेकमावशीच्या भाचीचं पीएचडीचं काम होतं. अंडाशयाच्या गाठीतून कोणे एके काळी काढलेल्या पेशी ती बशीत वाढवायची, त्यांना औषध द्यायची, ते धुऊन काढायची आणि दुसऱ्या दिवशी किती बाक उरले ते पाहायची. बाकाला चिकटणारं एक महागडं प्रतिपिंड होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते हिरवं चमकायचं. तिच्या पेशींत हिरवा ठिपकासुद्धा नव्हता. पेशी मरतही नव्हत्या. बशीत नुसती दाटी झाली होती.

इतक्या झपाट्याने दुरुस्ती करणाऱ्या पेशी म्हणजे अर्धा प्रबंध हातात आल्यासारखं होतं. या आनंदात ती रविवारी घरी गेली.

मावशी जेवायला आली होती. मावशी गाडी शिकवायची. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असलेल्या तिच्या गाडीत अर्धं गाव शिकलं होतं, म्हणून सगळे तिला ब्रेकमावशी म्हणायचे. तिच्या अंडाशयातली गाठ काढून झाली होती आणि प्लॅटिनमचे दोन डोस राहिले होते.

"काय डॉक्टरीणबाई, माझंच औषध पाजतेस ना तुझ्या पेशींना? मरतायत का?"

"कुठल्या! मजेत आहेत. उलट वाढल्यात."

"ऐकलंस?" मावशी बहिणीला म्हणाली. "रोगी आडवा आणि रोग ठणठणीत."

"जेवताना तरी नीट बोल गं," आई म्हणाली.

"मावशी, बशीतल्या पेशी म्हणजे तू नव्हेस," भाचीने घाईने सांगितलं. मावशीने मान हलवली आणि भाजी वाढून घेतली. तिला हवं ते मिळालं होतं.

पुढच्या डोसला ती गेलीच नाही. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा भाचीने मावशीला फोन लावला.

"त्या औषधाने तळवे बधिर झालेत माझे," मावशी म्हणाली. "क्लच किती सुटलाय ते पायाला कळत नाही. औषधाचा उपयोग असता तर सोसलं असतं. तूच म्हणालीस, नाही म्हणून."

"डॉक्टरांना सांगितलंस पायांचं?"

"सांगते की! म्हणजे आधी गाडी काढून घेतील. मग मी घरी बसून काय, पापड लाटू?"

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या बैठकीत भाचीने तिची चित्रं दाखवली. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी ती पडद्यावर पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.

"शून्य तासाचा नमुना कुठाय? औषध धुतल्या धुतल्या घेतलेला?"

"तो घेतला नाही, मॅडम. प्रतिपिंड वाचवायचं होतं. तेव्हा बाक असणारच ना."

"असणारच? घाव दिसलाच नाही, तर भरला काय?"

मागे कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं.

भाचीने प्रयोग पुन्हा लावला. या वेळी शून्य तासाचा नमुनाही घेतला. तोही काळाच निघाला. दुरुस्ती झाली नव्हती, कारण मोडलंच काही नव्हतं. मग ती फ्रीजपाशी गेली आणि औषधाची कुपी काढून चिठ्ठी वाचली. अक्षर तिचंच होतं. बाकीची बहुतेक औषधं विरघळवतो तसं हेही तिने डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलं होतं, सवयीने. प्लॅटिनमला डीएनए वाकवायला दोन हात मोकळे लागतात. डीएमएसओतला गंधक त्यातला एक धरून बसतो.

तिने नवं औषध मिठाच्या पाण्यात केलं. शून्य तासाच्या पेशी हिरव्यागार झाल्या. दुसऱ्या दिवशी हिरवं कमी झालं होतं, म्हणजे दुरुस्ती होत होती, पण पुरेशी नव्हे. पुढच्या दिवसांत बशीचा तळ रिकामा होत गेला. अर्धा प्रबंधही त्याबरोबर गेला. त्याचं वाईट वाटायला तिला सवड नव्हती. ती मावशीकडे गेली.

मावशी अंगणात गाडीच्या काचा पुसत होती. भाचीने सगळं सांगितलं, कुपीसकट.

"म्हणजे त्या पेशींना तू औषध दिलंच नव्हतंस."

"मेलेलं दिलं होतं. नीट दिल्यावर मरतायत. तुझ्या गाठीचं मी तेव्हाही सांगू शकत नव्हते, आताही नाही. पण मी म्हणाले म्हणून थांबली असशील, तर ते कारण खोटं होतं."

मावशीने फडकं पिळलं, झटकलं आणि आरशावर वाळत घातलं.

"चांगलं निमित्त होतं गं," ती म्हणाली. "शिकवलेलं आठवतंय का? चालव. दवाखान्यात जाऊ."

भाची बऱ्याच महिन्यांनी चालवत होती. वळणावर तिचा वेग जास्त झाला. मावशीने आधी मान वाकवून आपला पाय आपल्याकडच्या ब्रेकवर आहे का ते पाहिलं आणि मग दाबला. गाडी जरा उशिराच थांबली. पुढच्या सायकलवाल्याने वळून दोघींना दोन शब्द सुनावले.

"खाली बघावं लागलं तुला," भाची म्हणाली.

"तू समोर बघ."

भाचीने दवाखान्यापर्यंत गाडी हळू चालवली. डॉक्टरांनी कागद पुढे ओढले आणि मागचा डोस का चुकला ते विचारलं. मावशीने चपला काढल्या आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"ते सांगते," ती म्हणाली. "आधी हे पाय बघा."