चिंधी काळी यायला हवी

“नेम कुठल्याचा चांगला ते मला नकोय. साफ करायला सोपं कुठलं, तेवढं सांग,” मिसेस वास्को म्हणाल्या आणि त्यांनी पर्स काउंटरवर आपटली.

शाळेच्या खानावळीत या बाईंनी आमच्या ताटांत असेच बटाटे आपटले. कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या आमच्या गावात त्यांना उलट बोलणारा अजून जन्मायचाय. मी तर साधा बंदुकीचा दुकानदार. पण पिस्तुलाशी त्यांचा छत्तीसचा आकडा. नवरा चेस्टर दर मंगळवारी क्लबात नेमबाजीला निघाला की म्हणायच्या, “निघाला सवतीला घेऊन!”

“चेस्टरच्या जुन्याला काय झालं?” मी विचारलं.

“हातोडीनं ठोकलं त्यानं.”

चेस्टरची आठवण जात चालली होती. क्लब सुटला, गोळ्या मी स्वतः क्लबच्या कपाटात ठेवल्या. तरी मंगळवारी जेवण झालं की तो टेबलावर वर्तमानपत्र पसरायचा आणि पिस्तूल उघडायचा. उघडता यायचं, जोडता येईना. त्या जुन्या पिस्तुलात एक खिट्टी उलटं धरून बसवावी लागते. माझाही घाम निघतो.

“लहान मुलासारखा रडतो रे,” त्या म्हणाल्या. त्यांचं मनगट काळंनिळं झालं होतं. मी पाहिलं, तशी त्यांनी बाही खाली ओढली.

मी पॉइंट टू-टूची, बारीक गोळीची तीन पिस्तुलं मांडली. तिसऱ्याचं मागचं बटण दाबलं की नळी अलगद उचलून हातात येते, आणि डब्याचं झाकण लावावं तशी परत बसते. त्यांनी डोळे मिटून ते करून पाहिलं.

“हेच दे.”

पुढच्या बुधवारी त्या परत आल्या. “घे हे परत! चिंधी पांढरी येते म्हणतो. नळीत घालतो, काढतो, पांढरीच. जेवण टाकलंन. म्हणतो, मंगळवारी मी गेलोच नाही का? मग होतो कुठे?”

गोळी झाडल्याशिवाय नळीत काजळी धरत नाही. मी म्हणालो, “थोडी काजळी लावून…”

“वासावरून ओळखेल तो. फसायला तो काही खुळा नाही, चेस्टर आहे.” मग त्यांनी हातमोजे काढले. “काळी चिंधी यायला किती गोळ्या झाडाव्या लागतात?”

त्यानंतर दर मंगळवारी शेजारीण चेस्टरपाशी बसायची आणि मिसेस वास्को क्लबात चेस्टरच्या जागेवर उभ्या राहायच्या. प्रत्येक बार उडवताना डोळे गच्च मिटायच्या. निशाणाच्या कागदापेक्षा भिंतीलाच भोकं जास्त पडली. टिंगल करण्यात आमचा क्लब कुणाला ऐकणारा नाही, पण कोणी हसलं नाही.

घरी चेस्टर नळी पुसायचा. काळ्या चिंध्या ओळीनं मांडून म्हणायचा, “आज बरं जमलं.”

“जमलं हो,” त्या म्हणायच्या.

हिवाळ्यात तो बायकोचं नाव विसरला. “बाई, जरा तेल द्या,” म्हणायचा. बटण मात्र कुठे असतं ते विसरला नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी त्या क्लबात असतानाच तो गेला. शेजारणीनं त्याचा हात धरला होता.

दफन झाल्यावर त्या दुकानात आल्या. “मी तिथे भिंतीला भोकं पाडत होते, आणि तो घरी…” मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

पर्समधून त्यांनी पिस्तूल काढलं. “त्या दिवशी झाडलेलं आहे, पुसलेलं नाही. तसंच ठेवलं तर?”

“खराब होईल. द्या, मी साफ करतो.”

“तू नको. मला दाखव.”

मी सळई आणि चिंध्या दिल्या. त्यांनी बटण दाबलं, नळी काढली. पहिली चिंधी काळीकुट्ट आली. ती त्यांनी काउंटरवर नीट पसरून ठेवली. दुसरी तिच्याशेजारी. तिसरी राखाडी आली.

“अजून एकदा फिरवा,” मी म्हणालो, “पांढरी येईल.”

“म्हणूनच पुरे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नळी परत बसवली.