क्लॅरिनेटच्या नावे जमा

बँडमास्तर जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि आता त्यांच्या नावानं आयकराची नोटीस आली. दार उघडलं त्यांच्या लेकीनं. गल्लीत तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत. वडिलांमागं तालमीची खोली तिच्याकडे आली होती. संध्याकाळी ती तिथं मुलांना वाजवायला शिकवायची आणि दिवसा लोकांच्या पेट्या, बासऱ्या दुरुस्त करायची. पोटापुरतं निघायचं, वर उरायचे ते सूर.

नोटिशीत लिहिलं होतं की अमुक वर्षाचा मिटलेला हिशेब पुन्हा उघडला आहे. त्या वर्षी खात्यात भली मोठी रोख भरली गेली. ती कोणाची, कुठून आली, खुलासा करा.

ताईला ते वर्ष न आठवून कसं चालेल? बँडचा तो शेवटचा भरला हंगाम. सुपारीवर सुपारी, रोज नवा मांडव, रोज नवी वाट. लाल कोट वाळायला सवड नव्हती. ओठ सुजलेले, पाय भरून आलेले, तरी परतताना ट्रकमध्ये कोणीतरी सूर धरायचा आणि बाकीचे झोपेतच साथ द्यायचे. पुढच्या वर्षापासून भिंतीएवढे स्पीकर आले आणि माणसांची फुंकर महाग झाली.

वाजवणाऱ्यांचा एक जुना रिवाज होता. हंगामात आलेला पैसा घरी न्यायचाच नाही, वाटेत गुत्ता लागतो. घाम पुसायच्या आत तो मास्तरांच्या हातात द्यायचा आणि बेकारीच्या महिन्यांत थोडा थोडा परत न्यायचा. मास्तर तो खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवत. त्या वर्षी मात्र खोलीचं छप्पर बदलायला काढलं, कपाट उघड्यावर आलं, आणि मास्तरांनी सगळ्यांची ठेव उचलून आपल्याच खात्यात भरली.

बरं, वहीत लिहिलं तेही बँडच्या रीतीनं. वाजवणारे येत-जात, वाद्य जागेवर असे, म्हणून मास्तर माणूस लिहीतच नसत. मोठा ढोल, जमा. झांजा, जमा. युफोनियम, जमा. सगळ्यांत मोठा आकडा क्लॅरिनेटचा.

कर सल्लागारानं ते पाहून कपाळाला हात लावला. मोठ्या ढोलाचा पत्ता काय लिहू, विवरणपत्र भरतो का तो, असं विचारून स्वतःच हसला. मग नीट बसून त्यानं समजावलं. पैसे देणारा खरा माणूस कोण, त्याची तेवढी ऐपत होती का आणि व्यवहार खरा होता का, हे तिन्ही दाखवावं लागेल. ज्याचा खुलासा होणार नाही, त्या रकमेवर जबर दरानं कर बसेल. वडिलांकडून जे आलं तेवढ्यापुरतीच ताईची जबाबदारी. पण आली होती ती खोलीच. म्हणजे खोलीवरच घाला.

‘ही ठेव माझी’ असं लिहिलेले कागद घेऊन ताई माणसं शोधत निघाली. ढोलवाला आता शाळेत शिपाई होता. त्यानं सही केलीच, वर मास्तरांच्या शिव्याही आठवून आठवून सांगितल्या. झांजवाला भाजी विकत होता. कागद वाचायच्या आत त्यानं पेन मागितलं. युफोनियमवाल्याच्या बायकोनं आधी नवऱ्याला झापलं, एवढा कमवत होतास तर मला पैंजण का नाही, आणि मग तीच साक्षीदार म्हणून सही करून मोकळी झाली. घरोघरी ताईला चहा मिळाला, आणि चहाबरोबर तिचे वडील परत मिळाले. इथं त्यांचा राग, तिथं त्यांची शीळ.

उरला क्लॅरिनेटवाला. तो भावांबरोबर एकत्र घरात राहायचा. ताईला पाहताच त्यानं चप्पल घातली आणि तिला कोपऱ्यावरच्या लाकडाच्या वखारीपाशी नेलं. 

"ताई, त्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न होतं," तो म्हणाला. "भावांनी घर गहाण टाकलं. मी खिसे उलटे करून दाखवले, म्हटलं, माझ्याकडे दमडी नाही. पैसा तुझ्या बाबांकडे होता. माझ्या पोरीला नर्स करायची होती मला. झाली ती. भावांना वाटतं, शिष्यवृत्ती मिळाली."

"बाबांना माहीत होतं?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, पैसा तुझा, तोंडही तुझंच. मी ते उघडणार नाही."

सही केली तर आयकराचे साहेब घरी समन्स धाडणार, चौकशीला बोलावणार, आणि एका चुलीवरची चार माणसं चार दिशांना तोंडं करणार. तो नाही असं म्हणाला नाही. नुसता हात जोडून उभा राहिला. ही बोटं ज्याच्या भोकांवर नाचताना तिनं पाहिली होती ते वाद्य आता कुठं असेल, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं. तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला.

सल्लागार चिडला. नाव माहीत असून सांगायचं नाही, हा कुठला न्याय? ताईनं त्याला शांतपणे सांगितलं, खोटं काही लिहू नका, दुसऱ्या कोणाचं नाव घुसडू नका. एवढ्या एका रकमेचा खुलासा आम्ही देत नाही, असंच लिहा.

"खोली जाईल, ताई."

"अर्धी जाईल," ती म्हणाली. "अर्धीत मावू."

आदेश आला तो तसाच. ढोल, झांजा, युफोनियम मान्य. क्लॅरिनेट अमान्य, कर आणि व्याजासकट. ताईनं हप्ते बांधून घेतले आणि खोलीचा रस्त्याकडचा अर्धा भाग भाड्यानं दिला. भाडेकरू कोण, तर डीजेवाला. त्याला स्पीकर ठेवायला जागा हवी होती. ढोलवाला हे ऐकून म्हणाला, मास्तर वर बसून कानात बोळे घालत असतील.

सामान हलवायच्या दिवशी क्लॅरिनेटवाला आला. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं मोठा ढोल एका बाजूनं धरला, ताईनं दुसऱ्या, आणि दोघांनी तो मागच्या अर्ध्या भागात नेला. मग दम खात तो म्हणाला की दर महिन्याला गुपचूप थोडं थोडं आणून देईन.

"नका," ताई म्हणाली. "पुन्हा ती रक्कम कोणाच्या नावे लिहू मी?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. बाहेर डीजेवाला स्पीकर उतरवू लागला. पहिला आत ठेवला, दुसरा ठेवला, आणि रस्त्यावरून खोलीत येणारा उजेड हळूहळू कमी होत गेला. क्लॅरिनेटवाला जायला निघाला नाही. फळीवरच्या मुलांच्या वाद्यांतलं एक क्लॅरिनेट त्यानं घेतलं, पत्ती ओठांत धरून ओली केली आणि वरातीत वाजायचं ते गाणं धरलं. श्वास अर्ध्यावर तुटला. सूर घसरला तो घसरलाच.

"बाबांनी काठी घातली असती," ताई म्हणाली.

"घातलीच असती," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.