ओलं पॉलिश

बाबांचा खून त्यांच्याच फर्निचरच्या कारखान्यात झाला. खटला दोघांवर एकत्र चालला: बाबांनी कामावरून काढलेला सुतार आणि आमचा टेम्पोवाला. सुतारानं आत बाबांवर पटाशी चालवली, टेम्पोवाल्यानं शटर ओढून बाहेर पहारा दिला, असं सरकारी वकिलाचं म्हणणं. दोघांचा वकील एकच, म्हणून बचावही एकच: दोघं तिथे नव्हतेच. शेजाऱ्यांनी तर दोघांना पाहिलं होतं. दोघांना जन्मठेप झाली.

अपिलात टेम्पोवाल्यानं वेगळा वकील केला आणि पहिल्यांदाच सांगितलं, "शटर मीच ओढलं. मालकांनी आतून सांगितलं म्हणून."

"खरं बोलतोय," आई म्हणाली आणि त्या वकिलाकडे जायला निघाली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" मामा उसळला. "त्याच्या बाजूनं उभी राहणार?"

"बाजू कसली? शटरचं काय ते सांगणार."

"आणि सुटला तर?"

"सुटेल. तू चहा पी, गार होतोय."

मला मामाचं पटत होतं. मला दोघंही आत हवे होते.

कोर्टानं आईची साक्ष घ्यायला परवानगी दिली. ती पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कठडा तिच्या खांद्याला लागत होता.

"पॉलिशचा फवारा सुरू केला की ते शटर पाडायला लावायचे," ती म्हणाली. "ओल्या पॉलिशवर रस्त्याची धूळ बसते. दाराशी असेल त्यानं ओढायचं. माझ्या या मुलीला कडेवर घेऊन मीही ओढलंय."

"आतला आवाज बाहेर येतो?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"फवाऱ्याचा कंप्रेसर चालू असताना? शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही."

सरकारी वकील उठले. "बाई, तुमच्या नवऱ्याचा खून झालाय. लक्षात आहे ना?"

"साहेब, ते लक्षात ठेवायला मला वकील लागत नाही."

न्यायाधीशबाईंनी पोलिसांचे फोटो मागवले. टेबल अर्धं पॉलिशनं चकाकत होतं, अर्धं कोरडं; म्हणजे फवारा चालू असतानाच बाबांवर वार झाला होता. इतकी वर्षं त्या फोटोत सगळ्यांनी फक्त फरशी पाहिली होती, मीही. न्यायाधीशबाई बराच वेळ त्या टेबलाकडे बघत राहिल्या. बाबांनी धुळीपासून जपलेली ती अर्धी फळी एका जिवंत माणसाला तोलून धरत होती, आणि कठड्यावर हात टेकवून उभी होती माझी आई, जिला मी आजवर हळवी समजत आले होते.

सुताराची शिक्षा कायम राहिली. टेम्पोवाला निर्दोष सुटला.

काही दिवसांनी तो घरी आला. दारातच उभा राहिला, मान खाली घालून. मामा उठून आत गेला. माझ्याही तोंडून 'या' निघेना.

"मावशी," एवढंच तो म्हणाला.

आईनं त्याला नीट न्याहाळलं. खुन्याखेरीज बाबांना शेवटचं जिवंत पाहिलेल्या माणसाकडे ती पाहत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बस," ती म्हणाली. "त्या सकाळी काय काय बोलले ते, सगळं सांग. सावकाश सांग."

मी खुर्ची पुढे सरकवली.