कमरेवरची पकड

कोर्टाच्या जिन्यात न्यायाधीशबाईंचा पाय मुरगळला आणि त्यांच्या अंगरक्षक मुलीनं त्यांना वरच्यावर झेललं. इथवर सगळं ठीक होतं. पण झेलताना ती अशी वाकली की तिचं पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमधून निसटलं आणि खडखडत पायऱ्या उतरत खाली गेलं. खाली एक म्हातारे वकील उभे होते. पिस्तूल त्यांच्या बुटापाशी येऊन थांबलं. पाल दिसल्यावर उचलावा तसा त्यांनी पाय वर उचलला आणि मग तो खाली कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना.

गोळी सुटली नाही हे नशीब. तिनं पिस्तूल उचललं, तपासलं आणि न्यायाधीशबाईंना गाडीपर्यंत आणलं. दार लागल्यावर बाई म्हणाल्या, "मी पडले असते तर माझं हाड मोडलं असतं. पण त्यातून गोळी सुटली असती तर?"

"पुन्हा पडणार नाही, मॅडम."

"मीही माझ्या पायाला तेच सांगणार आहे," असं म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले. रागावल्या नव्हत्या. त्याचंच तिला जास्त लागलं.

घरात तिला धाकटी म्हणत. थोरली बहीण लग्न होऊन गेली, तरी हिचं नाव धाकटीच राहिलं. अंगानं काटकुळी, पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं की ही बाईंची पर्स धरायला ठेवलेली असावी. वडिलांची सगळी नोकरी पोलीस खात्यात, मोठ्या माणसांचा अंगरक्षक म्हणून त्यांच्या मागं चालण्यात गेलेली. त्यांच्याच पावलावर पाऊल टाकून ती या खात्यात आली होती. न्यायाधीशबाईंपुढं एका खंडणीखोर टोळीचा खटला चालू होता आणि तो आता निकालाच्या तोंडाशी आला होता. अशा वेळी अंगरक्षकाचं हत्यार पायऱ्यांवरून घरंगळतं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वरिष्ठांनी तरी सांगितलंच. होल्स्टर बदल, खात्याला चालणाऱ्या कुठल्याही प्रकारचं घे, पण चाचणी देऊन दाखव. धावणं, पडणं, उठणं, हत्यार काढणं, एका हातानं परत ठेवणं. जमलं नाही तर फाटकावरच्या खोलीत बसायचं आणि बाईंना दुसरा माणूस द्यायचा.

शस्त्रागार सांभाळणाऱ्या गृहस्थाला सगळे मामा म्हणत. मामांनी तिचं नायलॉनचं होल्स्टर बोटांत धरून लोंबकळवलं. हलकं, धुता येणारं, कुठलंही पिस्तूल त्यात मावायचं, म्हणून खात्यानं सगळ्यांना तेच वाटलं होतं. "सगळ्यांना बसतं म्हणजे कुणालाच नीट बसत नाही," मामा म्हणाले. वरची वेल्क्रोची चिकटपट्टी वापरून वापरून केसाळ झाली होती आणि नुसत्या बोटानं उघडत होती. उरले दोन पर्याय. एक कातडी आणि दुसरं साच्यात घडवलेलं कडक प्लास्टिक. मामांनी कपाटातून प्लास्टिकचं काढून तिच्या हातात दिलं. काळं, टणक, भांड्यासारखं वाजणारं. पिस्तूल आत गेलं की आपोआप अडकायचं आणि अंगठ्यानं एक खटका दाबल्याशिवाय बाहेर यायचं नाही. ती ते घेऊन घरी आली, पण तिचं मन काही त्यावर बसलं नव्हतं.

बाबांनी तर त्याकडं पाहून नाकच मुरडलं. साबणदाणी कमरेला बांधून फिरणार का, असं त्यांनी विचारलं. मग आतून स्वतःचं जुनं कातडी होल्स्टर आणलं. नोकरीभर त्यांच्या कमरेला असलेलं, घामानं आणि हातानं काळंभोर झालेलं. त्यांचं जुनं पिस्तूल वेगळ्या आकाराचं होतं, पण त्याचीही त्यांनी सोय काढली. धाकटीच्या पिस्तुलाची कड कागदावर गिरवून घेतली, अंगणात बसून लाकडाचं हुबेहूब पिस्तूल कोरलं, होल्स्टरची शिवण उसवून नव्यानं घातली, कातडं कोमट पाण्यात भिजवलं आणि त्या लाकडाभोवती दाबून दाबून सावलीत वाळवलं. आई येता जाता बघायची. या वयात हे खेळणी करायला लागले, असं तिनं फोनवर थोरलीला कळवलंसुद्धा. पण बाबांचा उत्साह बघून तिलाही बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर इतके दिवस ते एका कामात असे रमले नव्हते.

होल्स्टर तयार झालं तेव्हा धाकटीनं गोळ्यांचं मॅगझीन काढून आईच्या कपाटात कुलूपबंद केलं, नळीत गोळी नाही हे पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मधल्या खोलीत सराव सुरू केला. कातडं कमरेला असं बसलं, जणू तिच्यासाठीच जन्मलं होतं. बोचत नव्हतं, वाजत नव्हतं. पिस्तूल काढताना लोण्यातून सुरी यावी तसं येत होतं. बाबा खुर्चीत रेलून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

मग तिनं दुसरा सराव धरला. डावा हात न्यायाधीशबाईंच्या खांद्यावर आहे असं समजून, खाली न बघता, एका हातानं पिस्तूल परत ठेवायचं. तिनं ठेवलं. काढलं. ठेवलं.

खट्.

आवाज बारीक होता, पण खोलीतल्या तिघांनाही तो कळला. आईच्या हातातला कपडा घडी घालता घालता तसाच राहिला. चाप दाबला गेला होता.

"तुझं बोट लागलं," बाबा म्हणाले.

"बोट बाहेर होतं, बाबा. बघा आता."

बोट नळीच्या बाजूनं सरळ ताठ धरून ती पुन्हा करू लागली. बराच वेळ काही झालं नाही. बाबा सुस्कारा सोडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात पुन्हा तोच आवाज आला. या वेळी तिनं हात हलवला नाही. आहे तसं धरून ती बाबांजवळ गेली आणि त्यांना दाखवलं. होल्स्टरच्या तोंडाची कड सैल पडून आत दुमडली होती आणि ती घडी बरोबर चापावर जाऊन बसली होती.

बाबांनी चष्मा चढवून पाहिलं. मग स्वतः उठले, पट्टा कमरेला बांधला आणि स्वतः करून पाहिलं, पुन्हा पुन्हा, हट्टाला पेटल्यासारखं. शेवटी त्यांच्याही हातून चाप वाजला. ते खाली बसले.

"माझ्या पिस्तुलाचा चाप दगडासारखा होता," ते म्हणाले. "असली घडी त्याला जाणवलीसुद्धा नसती."

"हा हलका आहे. आणि वेगळा सेफ्टीचा खटका नाही याला."

"नवं कातडं आणू. जाड. तोंडाशी आतून पत्रा घालू, मग दुमडणार नाही."

धाकटीनं विचार केला. बाबा चुकीचं बोलत नव्हते. तसं होल्स्टर झालं असतं आणि चांगलं झालं असतं. पण दिवसभर घामात, गाडीच्या गादीत दबून, वर्षा-दोन वर्षांनी तेही मऊ पडणार होतं. मऊ पडल्याचा दिवस कोणता हे तिला कोण सांगणार होतं?

"प्लास्टिक तडकलं तर डोळ्यांना दिसतं, बाबा. कातडं आतून थकतं ते कळत नाही. माझ्या एका हातात बाई असतील, मला खाली बघता येणार नाही."

"म्हणजे माझं नको."

"नको," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. गोड बोलून तो शब्द मऊ करता आला असता, पण मग बाबांनी पत्रा घालायला सुरुवात केली असती आणि ते तिला नको होतं. बाबांनी होल्स्टर उचललं आणि आत गेले. त्या रात्री ते जेवायला बसले, वाढलेलं सगळं खाल्लं, पण धाकटीशी एक शब्द बोलले नाहीत.

प्लास्टिकनं तिची परीक्षाच पाहिली. बसली की खालची कड मांडीत रुतायची, गाडीच्या दाराला टक्कन लागायचं, कोटाचं अस्तर त्यात अडकायचं. कमरेवर निळा-काळा डाग उठला. आई त्यावर मलम चोळताना पुटपुटायची की मुलीनं नोकरी करावी तर शाळेत करावी. मामांनी गरम हवेच्या यंत्रानं ती कड जराशी बाहेर वळवून दिली तेव्हा बसणं सुसह्य झालं. अंगठ्याच्या खटक्याचं मात्र कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. तो सवयीनंच जमणार होता. ती रोज सकाळी आणि कोर्टातून आल्यावर भिंतीसमोर उभी राहून करत राहिली. आधी अंगठा चुकायचा, मग उशिरा लागायचा, मग एक दिवस लागला की नाही हेच आठवेना, पिस्तूल मात्र हातात होतं.

तरीही चाचणीच्या आधीच्या सरावात मामांनी मान हलवली. पिस्तुलाची मूठ धरून त्यांनी जोरात ओढलं, तर पिस्तूल आतच राहिलं, पण पातळ पट्टा पीळ पडून वर आला आणि त्याच्याबरोबर सगळंच. असल्या पट्ट्यावर हे टिकायचं नाही, असं ते म्हणाले. धाकटीनं घरी येऊन हे आईला सांगितलं. बाबा पलीकडं पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही.

चाचणीच्या सकाळी तिच्या घडी केलेल्या गणवेशावर एक पट्टा ठेवलेला होता. दुपदरी जाड कातड्याचा, मधे कडकपणासाठी काहीतरी घातलेला, दोन्ही कडांना दाट शिवण. बकल पितळेचं. बाबा दारात उभे राहून दात घासत होते.

"ती साबणदाणी लटकवणार कशाला?" ते तोंडातला फेस सावरत म्हणाले. "त्या नाड्याला?"

तिनं पट्टा बांधला. इतका ताठ होता की पहिल्यांदा बकल लावताना बाबांना मदतीला यावं लागलं. चाचणीत ती धावली, आपटली, उठली. वरिष्ठांनी कागदावर सही केली. न्यायाधीशबाईंच्या मागची तिची जागा कायम राहिली.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. शिक्षा सुनावून बाई मागच्या दारानं बाहेर पडल्या. धाकटी त्यांना खांद्याला धरून चालवत होती. डावीकडं एक खांब होता. त्याच्या आडून एक माणूस बाहेर आला, आरोपींपैकी एकाचा भाऊ. त्यानं तिला ढकललं नाही, मारलं नाही. सरळ मागून तिच्या पिस्तुलाच्या मुठीला हात घातला आणि सगळ्या ताकदीनिशी वर ओढलं.

तिचे पाय जमिनीवरून जवळजवळ सुटले. पट्टा बरगड्यांखाली असा काचला की श्वास अडकला. पण पिस्तूल आलं नाही. त्यानं पुन्हा हिसका दिला. तेवढ्या वेळात तिनं बाईंना भिंतीकडं लोटलं, त्याच्या हातावर आपला हात दाबून धरला आणि सगळं अंग गर्रकन फिरवलं. त्याचं मनगट पिरगळलं, तो गुडघ्यावर आला. मग ती त्याच्या पाठीवर होती आणि दारावरचे शिपाई धावत येत होते. तिनं हत्यार काढलंच नाही. काढायची वेळ आली नाही आणि गर्दीत काढणं शहाणपणाचंही नव्हतं.

गाडीत न्यायाधीशबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. त्या म्हणाल्या, "मी वरती सांगून तुमची बदली करून घेऊ का? तुमच्या जिवासाठी विचारतेय."

"उद्या किती वाजता निघायचं, मॅडम?" धाकटीनं विचारलं.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि नेहमीची वेळ सांगितली.

घरी बातमी आधीच पोचली होती. आई दारातच तिला चाचपून बघायला लागली. बाबांनी मात्र तिला दिव्याखाली उभं केलं आणि पट्टा काढायला लावला. एका जागी, बकलाच्या मागं, शिवणीचे टाके ताणून उसवायला आले होते. त्यावरून त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवला. मग त्यांना तिच्या बरगडीखाली उमटलेला लाल वळ दिसला.

"किती जोरात ओढलं त्यानं," एवढंच ते म्हणाले.

"दोनदा ओढलं, बाबा."

"इथं तिसरी शिवण घालतो." त्यांनी सुई-दोऱ्याचा डबा जवळ ओढला. "बस इथं. आणि ते प्लास्टिकचंही दाखव जरा, त्याचा खटका कसा चालतो ते मी अजून नीट पाहिलं नाही."

तिनं पिस्तूल काढून घेतलं आणि रिकामं होल्स्टर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कानाशी धरून खटका दाबून पाहिला, मग पुन्हा दाबला, आणि आई ताटं घेईपर्यंत तेच करत बसले.