पोच्यात अडकलेलं मत

मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. उद्या तुमच्या वर्गाचा प्रमुख निवडायचाय म्हणून बाईंनी मला माळ्यावरून खाली काढलं, धूळ पुसली, टेबलावर ठेवलं. आता आलेच आहे तर एक गोष्ट सांगून घेते. ती ह्याच शाळेच्या हॉलमध्ये घडली, आणि घडली ती माझ्यामुळे.

मी एक जुनी मतपेटी आहे. अंग पत्र्याचं, डोक्यावर एक चीर, बाजूला कुलपाची कडी. शाळेत राहिले पण शिकले नाही, तेव्हा बोलण्यात वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या. मला ज्या वेल्डरने बनवलं तो हाताचा चोख आणि तोंडाचा फाटका. शेवटचा टाका मारून त्याने मला गदागदा हलवलं आणि म्हणाला, "तुझ्या पोटात लोक काय काय टाकतील बये. पचवायचं, बोलायचं नाही." ते मी आजवर पाळलंय.

तेव्हा आपला हा भाग म्हणजे शहराचं शेपूट होता. वीटभट्ट्या, भाजीचे मळे, थोडी घरं, आणि मधोमध रेल्वेचे रूळ नि त्यांचं फाटक. रुळांच्या अलीकडे घरं, पलीकडे दवाखाना. प्रांताच्या सभेत इथून एक माणूस पाठवायचा. पहिल्या खेपेला वीटभट्टीवाले दादा उभे राहिले, त्यांच्या विरुद्ध एक शिंपी. शिंप्याच्या घरात मतदार पाच, त्याला मतं पडली तीन. पुढे महिनाभर तो घरात एकेकाकडे टकामका बघत जेवायचा म्हणे. मला माहीत होतं ते दोघं कोण. पण मी पडले पत्र्याची.

दादा निवडून आले. दुसऱ्या वेळी आले, तिसऱ्या वेळी आले, चौथ्या वेळीही आले. माणूस दिलदार, लग्नाकार्याला धावणारा. दर वेळी एकच सांगायचे, "ह्या खेपेला फाटकावर पूल झालाच म्हणून समजा." मळे गेले, वसाहती आल्या, नऊशे मतदारांचे दहा हजार झाले, दादांचे केस गेले. पूल काही आला नाही.

पाचव्या वेळी त्यांच्यासमोर दवाखान्यातली नर्सबाई उभी राहिली. बंद फाटकाशी, रिक्षातच, तिने सात बाळंतपणं केली होती. ती भाषण करत नसे. म्हणायची, "मला फक्त पूल पाहिजे. झाला की मी परत दवाखान्यात."

त्या दिवशी सकाळी मला घेऊन टेम्पो निघाला तो त्याच फाटकातून. रुळांवर असा आदळला की मी उडाले आणि खाली डाव्या कोपऱ्यावर पडले. हा बघा पोचा. बाहेरून खड्डा, आतून पत्र्याची घडी. केंद्रावरच्या साहेबांनी झाकण लावून बघितलं. "कुलूप लागतंय ना? मग चालतंय."

दुपारी दवाखान्यातला कंपाउंडर मत द्यायला आला. हा दादांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. औषधाच्या पुड्या बांधून बांधून त्याच्या बोटांना सवयच तशी. कुठलाही कागद दिला की त्याची चौकोनी, घट्ट पुडी होणार. मताचीही झाली. ती माझ्या पोटात पडली आणि थेट त्या घडीत जाऊन बसली.

मतमोजणी इथे, ह्या हॉलमध्ये. मला टेबलावर उपडं केलं, दोन थपडा मारल्या, बाजूला ठेवलं. दादांच्या बाजूने कागदांवर लक्ष ठेवायला कोण? कंपाउंडरच. घरचा माणूस म्हणून.

सगळ्या पेट्या संपल्या तेव्हा दोघांना मतं पडली सारखीच. चार हजार एकशे सहा आणि चार हजार एकशे सहा. एक कागद कमी भरत होता. साहेब थकलेले. म्हणाले, "कोणीतरी खिशात घालून नेला असेल, दर वेळी होतं. चिठ्ठ्या टाकू."

माझा जीव टांगणीला. ओरडावंसं वाटलं, पण कशाने ओरडू?

कंपाउंडरला मात्र तोंड होतं. आपली पुडी बाहेर आलीच नाही, हे त्याने कधीच ओळखलं होतं. गप्प बसला तर चिठ्ठीत दादांना निम्मी आशा होती. बोलला तर काय होणार, ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. साहेबांनी चिठ्ठ्या घडी करायला घेतल्या, तसा तो उठला.

"साहेब, त्या पोचा पडलेल्या पेटीत हात घालून बघा. माझं मत मोजलं गेलेलं नाही."

दादांचा चेहरा खुलला. "बघा, बघा! आमच्या दाजींचं मत आहे ते. दाजी, वाचवलंत."

साहेबांनी कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं आणि पुडी काढली. उलगडायला चांगला वेळ लागला. मग सगळ्यांना दिसेल असा कागद धरला. शिक्का नर्सबाईंच्या नावासमोर.

दादांनी कागद हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "दाजी, पूल एवढा हवा होता तर घरी येऊन सांगायचं."

"चार वेळा सांगितलं, दादा."

दादा व्हरांड्यात गेले. बहीण तिथेच उभी होती. "ऐकलंस का? तुझ्या नवऱ्याने पाडलं मला."

"ऐकलं. चल घरी, चहा टाकते. आणि त्यांना रागावू नकोस, चिठ्ठीत हरला असतास तर नशिबाला शिव्या देत बसला असतास."

दादा आधी फुरंगटले, मग त्यांना हसू आलं. जाताना आत डोकावून म्हणाले, "चला दाजी, हरलो तरी चहा एकाच किटलीतला."

दोन वर्षांत पूल झाला. त्याला लागलेल्या विटा दादांच्याच भट्टीच्या, आणि एकही कच्ची निघाली नाही. नर्सबाई म्हटल्याप्रमाणे दवाखान्यात परतली. तुमच्यातले निम्मे रोज त्याच पुलावरून शाळेत येता.

कंपाउंडरचं मत सगळ्यांनी पाहिलं, म्हणून तेवढं सांगितलं. त्याच्या बायकोने त्या दिवशी कोणाला मत दिलं, तेही मला माहीत आहे. पण पोटातलं ओठावर आणायची मला सवय नाही. विचारू नका.

मला नवा रंग द्या, कडीला तेल घाला, मी नाही म्हणणार नाही. पण हा पोचा ठोकून सरळ करू नका, तेवढीच माझी कमाई आहे. आणि उद्या मला उपडं करून दोन थपडा मारल्यात की लगेच आकडा सांगू नका. आधी तुमच्यातल्या कोणीतरी बाही वर करा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एकदा हात घालून बघा.