पडद्यातल्या बाई

अपूर्णांक शिकवावेत तर ताईंनीच, असं गावातल्या सगळ्या शाळांत म्हणत. तीस वर्षं त्यांनी गणिताला बिचकणाऱ्या मुलांना कागदाच्या घड्या घालायला लावून अंश-छेद गळी उतरवले होते. ताई हे त्यांचं घरातलं नाव. धाकटी बहीण तशी हाक मारायची, तिचं ऐकून शिक्षकही मारू लागले. धाकटीही शिक्षिकाच, पण कंत्राटी. दगडखाणीच्या वस्तीत एका खोलीची शाळा होती. तिथे चौथी-पाचवी एकत्र बसवून ती एकटी शिकवायची.

शिक्षणखात्याचे साहेब स्वतः ताईंच्या घरी आले.

"तुमच्यासारख्या बाई प्रत्येक शाळेला कुठून आणायच्या?" ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, तुम्हालाच सगळीकडे पाठवू या. पडद्यावरून."

ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला सांगा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रजया टांगलेल्या एका खोलीत महिनाभर त्यांचे चौथी-पाचवीचे पाठ टिपून घेतले. समोर एकही मूल नाही, नुसता कॅमेरा. त्यांची जीभ अडखळायची.

"प्रश्न विचारला की तीन सेकंद थांबा," कॅमेरावाला सांगायचा. "मुलं उत्तर देतील. मग म्हणा, शाब्बास, अगदी बरोबर."

"आणि चुकलं तर?"

"तुम्ही शिकवल्यावर चुकतील कशी, ताई?"

सगळे हसले. ताईही हसल्या.

वर्षभरात शाळाशाळांत फळ्यांच्या डोक्यावर पडदे बसले. त्यानंतर दोनच महिन्यांत धाकटी एक कागद घेऊन ताईंकडे आली. पडदे बसलेल्या शाळांत कंत्राटी शिक्षकांची गरज उरलेली नाही, असं त्यात लिहिलं होतं.

ताईंनी तो दोनदा वाचला. "माझे पाठ तुझ्या मदतीला होते गं. तुझ्या जागी नव्हे."

"तुला तसं सांगितलं असेल," धाकटी म्हणाली. चहा तसाच ठेवून ती उठली.

ताईंना चैन पडेना. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि खाणीच्या शाळेत गेल्या. दारांखिडक्यांवर दगडाची भुकटी बसली होती. पूर्वी शाळा झाडणाऱ्या मावशी आता रिमोट सांभाळायच्या. ताई मागच्या बाकावर, एका किडकिडीत मुलीशेजारी बसल्या. मावशींनी बटण दाबलं आणि पडद्यात ताई उभ्या राहिल्या. केस नीट बसवलेले, साडी इस्त्रीची.

"सांगा बरं, एक छेद तीन मोठा, की एक छेद चार?" पडद्यातल्या ताईंनी विचारलं.

"एक छेद चार!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

तीन सेकंद झाले.

"शाब्बास! अगदी बरोबर!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. चारहून तीन लहान, म्हणून छेदातही तीन लहानच. दरवर्षी मुलं हीच चूक करायची आणि दरवर्षी ताई इथेच थांबून कागद हातात घ्यायच्या. धाकटीलाही त्यांनीच हे शिकवलं होतं.

"मावशी, बंद करा ते."

"पाठ पुरा चालला नाही तर वर कळतं, बाई. मला बोलणी बसतात."

तरी मावशींनी बंद केलं. ताईंनी वहीतली दोन पानं फाडली, घड्या घालून एकाचे तीन वाटे केले, दुसऱ्याचे चार, आणि दोन्हींतला एकेक तुकडा किडकिडीत मुलीच्या हातात दिला. "कुठला तुकडा मोठा?"

मुलीने तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. मग ताईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"पण तुम्हीच तर शाब्बास म्हणाला होता," ती म्हणाली. "रोज म्हणता."

ताईंनी तिला जवळ घेतलं, आणि शाळा सुटेपर्यंत त्या कागद फाडत राहिल्या. वहीची पानं संपली तरी निम्म्या वर्गाचं 'एक छेद चार' काही सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा पडदाच लागणार होता.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. निदान तेवढी वाक्यं तरी काढा, म्हणाल्या.

"ताई, मुलांना तुमचं शाब्बासच सगळ्यात आवडतं, सगळ्या शाळांनी कळवलंय," साहेब म्हणाले. आवाजात खरंच कौतुक होतं. "आणि पाठ आता खात्याचे आहेत. तुमची सही आहे."

"मग सहावीचे पाठ मी करणार नाही."

"तुमची मर्जी." त्यांनी ते कुठेतरी टिपून घेतलं.

सहावीचे पाठ दुसऱ्या एका तरुण बाईंनी केले. त्यांना नमुना म्हणून ताईंचेच पाठ दाखवले होते. ताई काही रविवारी वस्तीवर जाऊन मुलं गोळा करायच्या. आधी पंधरा जमली, मग सहा. आईबापांना वाटायचं, बाई रोज पडद्यात येतातच की, मग सुट्टीच्या दिवशी पोरांचा छळ कशाला?

धाकटीला दूरच्या शहरात, कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं; काजं-बटणं तपासायचं. ताई तिला बसवर सोडायला गेल्या. दोघींनी मिळून बॅग वर चढवली.

"माझ्यावर राग धरून जाऊ नकोस," ताई शेवटी म्हणाल्या.

"राग नाही गं." धाकटीने खिडकीची काच सरकवली. "राग असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळ्या झालो असतो."

"पुन्हा जागा निघतील. मी लक्ष ठेवते."

"नको. मी वह्या-पुस्तकं सगळी वाटून टाकली."

कंडक्टरने दार ओढून घेतलं. तिकिटासाठी धाकटी पुढे वळली, आणि बस निघाली तरी तिचं तोंड तिकडेच होतं.