पाण्याकाठी आलो, तरी जळतोच

मी चार नंबरचा तंबू बोलतोय. हल्ली सगळे मला एक नंबर म्हणतात, कारण मी तळ्याच्या काठावर, जुन्या एक नंबरच्या जागेवर उभा आहे. पण पाटी बदलली म्हणून स्वभाव थोडाच बदलतो? मी जन्माचा जळका. लपवून काय उपयोग?

माझा जन्म उत्तरेकडच्या अरुशा शहरातला. एक नंबर माझा सख्खा भाऊ. एकाच ताग्यातून आम्ही बेतले गेलो, एकाच यंत्रावर शिवले गेलो आणि एकाच ट्रकमधून धक्के खात इकडे दक्षिणेला, जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या छावणीत आलो. इथवर सगळं सारखं होतं. मग छावणीचा प्रमुख किंदांबा याने नुसतं बोट दाखवलं, हा पाण्याकाठी, हा मागे, की झालं! त्याच्यासमोर तळं आलं आणि माझ्यासमोर स्वयंपाकघराची भिंत. त्याच्या ओसरीत बसून पाहुणे पाणघोडे बघायचे, माझ्या ओसरीत बसून मासे तळल्याचा वास घ्यायचे. ताडाची पिकली फळंही त्याच्याच दारात पडायची, म्हणून हत्ती तिकडेच. माझ्याकडे उतरलेली माणसं बॅगा टेकायच्या आत विचारायची, तो काठावरचा मिळेल का?

हे सगळं मी गिळलं असतं. सोमोएचं मात्र गिळता येईना.

सोमोए आम्हा दोघांचं सगळं करायची. झाडलोट, अंथरुणं, मच्छरदाण्या. आत कुणी नसलं तरी दारात थांबून "येऊ का?" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. मोठ्या पावसात इथले रस्ते बुडतात, छावणी बंद होते आणि आम्हाला कोठारात ठेवतात. त्याआधी ती आम्हाला उन्हात पसरायची आणि फाटकं-तुटकं बघायची. माझ्यावरून हात फिरवायची, एक थाप मारायची, संपलं. त्याला मात्र मांडीवर घेऊन दुपारच्या दुपार टाके घालत बसायची, वर गुणगुणायची! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हत्तींनी सोंडा घालून त्याची चाळण केली होती हे मलाही दिसत होतं. पण मला ते लाडच वाटायचे. वाटायचं, आपणही कुठेतरी अडकावं आणि टरकन फाटावं. पण माझं मेलं कापडच चिवट.

गेल्या हंगामाअखेर सोमोएचे गुडघे बोलायला लागले. तिने कायमचं घरी जायचं ठरवलं. गावी लेक नुकतीच बाळंत झालेली, आणि वाऱ्याने पडवीचं छप्पर नेल्यामुळे चूल उघड्यावर आलेली. किंदांबा म्हणाला, नवा तंबू येतोच आहे, जुन्यातला कुठलाही एक तुम्ही घेऊन जा. ते ऐकलं आणि मला दुसरं काही सुचेना. पाण्याचा काठ गेला खड्ड्यात, मला फक्त तिच्याबरोबर जायचं होतं.

आम्ही दोघं अंगणात पसरलेलो. सोमोए आमच्या मध्ये उभी. रखवालदार लिकुम्बा चहा पीत बसला होता. या दोघांच्या जमातींत थट्टेचं नातं, काहीही बोललं तरी राग धरायचा नाही.

"म्हातारे, कबरीवर घालायला नेतेस काय तंबू?" तो म्हणाला.

"आधी तुझ्यावर घालते. माप देऊन ठेव."

लिकुम्बा हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "खरंच सांगतो, चार नंबर ने. धडधाकट आहे. त्या दुसऱ्यात ठिगळांशिवाय आहे काय?"

सोमोए कशीबशी गुडघ्यांवर बसली. तिने माझ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला वाटलं, जिंकलो.

"छपरासाठी कापावा लागणार ना रे," ती म्हणाली. "याच्यात अजून कितीतरी माणसं झोपतील. याला कात्री लावायला माझा हात नाही उठायचा."

आणि तिने एक नंबर उचलला.

नवाकोरा तंबू हत्तींच्या वाटेवर कशाला, म्हणून किंदांबाने मला काठावर उभं केलं. आता माझ्यासमोर तळं आहे, हत्ती येतात, पाहुणे कौतुक करतात. झाडायला येणारा नवा माणूस चेन ओढून सरळ आत शिरतो.

लिकुम्बा रजेत सोमोएकडे जाऊन आला. सांगत होता, एक नंबरचा मोठा तुकडा पडवीवर ताणलाय, एकावर भात वाळतो, आणि मऊ पडलेल्या तुकड्यावर तिची नात झोपते. म्हणजे त्याचे तुकडे झाले आणि तिघेही सोमोएच्या घरात. मी अख्खा, आणि इथे.

तिच्या मनात माझ्यासाठी माया होती, म्हणून मी वाचलो. कळतं मला. पण कळून आग विझत नाही. तुम्ही कधी तिच्या गावी गेलात, तर जेवा, बाळाला घ्या, सोमोएला माझा नमस्कार सांगा. फक्त वर ताणलेल्या त्या कापडाकडे बघून 'किती छान' म्हणू नका. तेवढं माझ्यासाठी करा.